तो बाक, ते बाक

नदी सरळ करायचा माझा कधीच इरादा नव्हता. हे मी आजवर इतक्या लोकांना सांगितलंय, की आता मलाच ते थोडं खोटं वाटायला लागलंय. मी चष्म्याचं दुकान चालवणारा माणूस. लोकांना जवळचं आणि लांबचं नीट दिसावं, एवढीच माझी जगाकडून अपेक्षा. दुकानातली एक फळी कललेली आहे, तीसुद्धा मी कधी सरळ केली नाही. चष्मे घसरू नयेत म्हणून खाली कागदाची घडी सारली आणि भागवलं. असा माणूस नदीच्या वाटेला कशाला जाईल? पण आमच्या वस्तीत आजही कुणी नवं आलं, की त्याला आधी पोहायची जागा दाखवतात, मग होड्यांची, आणि मग माझ्याकडे बोट करून "हे ते, नदी सरळ करणारे" अशी ओळख करून देतात.

वस्ती लहान आहे. नदी इथे येऊन एकदम वळते, आणि त्या वळणाला धरून आमची घरं. वळणात पाणी खोल आणि संथ आहे. त्यामुळे सकाळी पोहणारे येतात, संध्याकाळी गळ टाकणारे येतात, आणि सुट्टीच्या दिवशी गावातली माणसं डबे, चटया आणि रडकी पोरं घेऊन येतात. या सगळ्यांना होड्या भाड्याने देणारी एक बाई आहे. तिला सगळे होडीवालीच म्हणतात. ती होडी देते आणि मग ती होडी परत येईपर्यंत काठावरून ओरडत राहते. तिच्या ओरडण्यावर वस्तीची घड्याळं चालतात.

आता एक शब्द आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यानेच केला. नदीच्या वळणाला आमच्याकडे सगळे 'बाक' म्हणतात. आणि बसायच्या लाकडी बाकाला तर सगळं जग बाकच म्हणतं. आजवर यावरून कुणाचं काही अडलं नव्हतं. अडायचं ते फक्त माझं आणि बायकोचं. ती बसायच्या बाकाला 'ते बाक' म्हणते, मी 'तो बाक' म्हणतो. लग्न झाल्यापासून हा वाद चालू आहे आणि दोघांपैकी कुणीही एक मात्रासुद्धा मागे हटलेलं नाही. संसारात माणसाने कुठेतरी ताठ राहायला हवं, आणि मी बाकाची जागा निवडली होती.

तर नदीच्या बाकावर, एका जुन्या झाडाखाली, एक बाक आहे. त्यावर माझे सासरे रोज सकाळी जाऊन बसतात. ते आमच्याकडेच राहतात. सासूबाई होत्या तेव्हाही तिथेच बसायचे. सासूबाई पट्टीच्या पोहणाऱ्या. रोज सकाळी इकडून तिकडे जायच्या आणि तिकडून इकडे यायच्या, आणि तेवढा वेळ सासरे त्यांचा टॉवेल मांडीवर घेऊन बाकावर बसलेले असायचे. स्वतः त्यांना पोहता येत नाही. कुणी थट्टा केली तर म्हणायचे, "टॉवेल धरायला कुणीतरी कोरडं नको का?" सासूबाई गेल्या. सासरे मात्र अजून जातात, आणि टॉवेल कापडी पिशवीत घालून घेऊनच जातात. त्याबद्दल आमच्या घरात कुणी काही बोलत नाही. बायको तो टॉवेल अधूनमधून धुऊन, वाळवून, घडी करून परत पिशवीत ठेवते. एवढंच.

हा बाक एका बाजूला कलला होता. उताराकडचे पाय जमिनीत खचले होते, आणि त्या टोकाच्या पुढे काठ संपतो आणि पाणी सुरू होतं. मी रोज दुकान उघडायला जाताना वरच्या रस्त्यावरून बघायचो, तर सासरे बसलेले असायचे वरच्या टोकाला, आणि मी वळून पुन्हा बघेपर्यंत मधोमध आलेले असायचे. एकदा तर अगदी खालच्या टोकाला. वय झालेलं, पोहता येत नाही, आणि खाली खोल पाणी. त्या दिवशी मी एका माणसाला जवळच्या नंबराऐवजी लांबचा चष्मा दिला.

"बाबा, तो बाक धोक्याचा आहे," मी रात्री जेवताना म्हणालो.

"काही नाही हो. बसायला छान आहे," सासरे म्हणाले.

"ते बाक," बायको म्हणाली.

मी ठरवलं, बोलण्यात अर्थ नाही, आपणच काय ते करावं. खचलेल्या पायांखाली एक वीट सरकवली की झालं. एवढ्याशा कामासाठी मी शेजारच्या बागवाले काकांकडे वीट मागायला गेलो ही माझी पहिली चूक. या काकांची बाग नदीच्या अगदी कडेला आहे, आणि दर पुरात नदी तिचा एक घास घेते, त्यामुळे नदी हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. त्यांनी मला वीट दिली, पण वीट कशी चालणार नाही, दगडच कसा हवा, दगडही चपटा कसा हवा, आणि चपटा दगड हल्ली कसा मिळत नाही, हे चहा संपेपर्यंत सांगितलं. मग पलीकडचे मास्तर आले. ते आयुष्यभर शाळेत व्याकरण शिकवून आता मोकळे आहेत, म्हणजे आता ते सगळ्यांनाच शिकवतात. ते म्हणाले, "सार्वजनिक वस्तूला खाजगी वीट लावू नये. रीतसर तक्रार करावी."

मी दोघांचंही ऐकलं नाही. संध्याकाळी खाली गेलो, चिखलात गुडघे टेकले, बाक उचलायला गेलो आणि माझ्या कमरेत चमक आली. वीट मात्र बसवली. तिरका चालत घरी गेलो तर बायको म्हणाली, "आता तुमच्याच पाठीला बाक आला."

दुसऱ्या दिवशी वीट नाहीशी झाली होती. मी दुसरी लावली. तीही गेली. तिसरी लावून मी झाडाआड थोडा वेळ थांबलो, पण माझ्या कमरेने फार थांबू दिलं नाही, आणि सकाळी तीही नव्हती. गळ टाकणारे लोक आपल्या काठ्या टेकवायला विटा वापरतात, तेव्हा माझा संशय सरळ त्यांच्यावर. मी त्यांच्यापैकी सर्वांत शांत दिसणाऱ्या माणसाला गाठून विचारलं. त्याने आधी मला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं, मग बराच वेळ पाण्याकडे बघितलं, आणि मग म्हणाला, "तुमच्या आवाजाने गेला मासा." त्यानंतर ती मंडळी मला बघितलं की आपापल्या विटा झाकू लागली. चोरीचा आळ त्यांच्यावर आणि चोरासारखं वागवणं मला, असा तो हिशेब.

शेवटी मास्तरांचं ऐकायचं ठरवून मी तक्रारीच्या नंबरावर फोन केला. नदीकाठचा विषय, म्हणून नदीच्या खात्यालाच केला. पलीकडे एक बाई होत्या. आवाज गोड, घाई अजिबात नाही.

"कशाबद्दल तक्रार आहे, सर?"

"नदीचा बाक," मी म्हणालो.

"काय झालंय बाकाला?"

"वाकडा आहे हो. सरळ करून हवाय."

"सरळ?" त्या जरा थांबल्या. "पूर्ण सरळ?"

"अर्धवट सरळ करून काय करायचं?" मी जरा चिडूनच म्हणालो. "घरातलं म्हातारं माणूस एखाद्या दिवशी पाण्यात जाईल."

"असं आहे का! म्हणजे धोका आहे. पूर्वी कधी सरळ केला होता का, सर?"

"मी तरी नाही बघितला. वर्षानुवर्षं तसाच आहे. वीट लावून बघितली, वीटही राहत नाही."

"विटेने कसा होईल, सर," त्या हळूच म्हणाल्या. "नोंद घेतली आहे. आम्ही माणसं पाठवतो."

फोन ठेवला आणि मला वाटलं, उगाच लोक सरकारी कामाला नावं ठेवतात. घरी जाऊन ऐटीत सांगितलंही. सासऱ्यांनी हातातला कप खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं, आणि काहीतरी बोलता बोलता राहिले. तेव्हा मी विचारायला हवं होतं. पण मी माझ्या कौतुकात होतो.

माणसं खरंच आली. एका बाकासाठी इतकी माणसं बघून मला भरून आलं. मग त्यांनी तिपाईवर दुर्बिणी लावल्या. मग काठाने लाल निशाणं रोवली, ती या टोकापासून त्या टोकापर्यंत, मध्ये पाण्यातसुद्धा. मग पिवळी फीत बांधून सगळा काठ बंद केला. आणि मग एक फलक लावला: 'नागरिकांच्या मागणीनुसार नदीचा बाक सरळ करण्याचे काम प्रस्तावित. प्रवेश बंद.'

नागरिक म्हणजे मी, हे वस्तीला कळायला फारसा वेळ लागला नाही, कारण मी स्वतःच आधी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की मी तक्रार केली आहे आणि आता बघाच.

बागवाले काका फुलं घेऊन दुकानात आले आणि त्यांनी मला मिठी मारली. "इतकी वर्षं माझी बाग जाते आहे, कुणाला काही वाटलं नाही," ते डोळे पुसत म्हणाले. "तुम्ही बोलला नाहीत, करून दाखवलंत." मी त्यांना खरं काय ते सांगायला तोंड उघडलं, पण ती मिठी इतकी घट्ट होती की शब्द फुटेना. ते जात नाहीत तोच होडीवाली आली. तिने आदल्याच आठवड्यात केलेला चष्मा काढून काचेवर ठेवला.

"हा परत घ्या."

"का? नीट दिसत नाही?"

"दिसतंय. पण नदी सरळ झाल्यावर बघायचं काय? सरळ पाण्यात होडी सोडली की गेली. गिऱ्हाईक परत कोण आणणार, तुम्ही?"

"अहो, मी बसायच्या बाकाबद्दल बोललो होतो."

"हो का," ती म्हणाली. "आणि मी होडीबद्दल नाही, डोंगराबद्दल बोलते आहे."

कुणाचाच विश्वास बसेना. ज्यांना नदी सरळ हवी होती त्यांना वाटलं मी विनयाने बोलतोय, आणि ज्यांना नको होती त्यांना वाटलं मी आता शेपूट घालतोय. मास्तरांनी मात्र शांतपणे सगळं ऐकून घेतलं. फोनवर नेमकं काय म्हणालो, ते त्यांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं.

"'वाकडा आहे' म्हणालात? 'वाकडं आहे' नाही?"

"वाकडा."

"संपलं," ते म्हणाले. "बसायचं असेल तर ते बाक. वळण असेल तर तो बाक. तुम्ही नपुंसकलिंग वापरलं असतंत तर नदी वाचली असती." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी पुस्ती जोडली, "तसं पुल्लिंगही चालतं म्हणा. पण धोका पत्करू नये."

बायको तिथेच उभी होती. ती एक शब्द बोलली नाही. लग्नानंतर इतका मोठा विजय मिळूनही बाई गप्प राहते, म्हणजे घरात काहीतरी खरोखर बिघडलेलं असतं.

बिघडलं होतंच. काठ बंद झाला त्या दिवशी सासरे नेहमीप्रमाणे पिशवी घेऊन गेले आणि लगेच परत आले. पिवळ्या फितीवर प्रवेश बंद लिहिलं होतं, आणि ते लिहिलेलं पाळणारे गृहस्थ. त्यानंतर ते सकाळी उठायचे, दाढी करायचे, बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसायचे. त्या खिडकीतून समोरची भिंत दिसते. रागावले असते तर बरं झालं असतं. उलट मी दुकानाला निघालो की ते म्हणायचे, "सांभाळून जा, कंबर दुखते ना तुमची." जेवण निम्म्यावर आलं. एकदा बायकोने विचारलं, "बाबा, टॉवेल धुवायला टाकू का?" तर म्हणाले, "नको. कुठे वापरला जातोय?"

मला फार वाईट वाटलं. मी त्या माणसाला पाण्यापासून वाचवायला निघालो होतो आणि त्याची सकाळच काढून घेऊन बसलो होतो. नदीचं काय व्हायचं ते होवो, पण या माणसाला त्याची जागा परत मिळायलाच हवी होती.

मी पुन्हा फोन केला. त्याच गोड आवाजाच्या बाई. "तक्रार मागे घेता येत नाही, सर. निवारण झालं की आपोआप बंद होते." मग मी दुकान बंद ठेवून त्यांच्या कार्यालयात गेलो. तिथे एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पाठवत पाठवत त्यांनी मला पहिल्याच खोलीत आणून सोडलं. थांबायला बाक नव्हता. ते एका अर्थी बरंच झालं.

शेवटी भेटलेला इंजिनीअर तरुण होता आणि फारच चांगला माणूस निघाला, हीच अडचण. कुणी कडक साहेब असता तर भांडता आलं असतं. याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि नकाशा उलगडला. त्यावर आमची नदी पट्टीने आखल्यासारखी सरळ निळी रेघ झाली होती. "लोक स्वतःहून कधी काही मागतच नाहीत हो," तो म्हणाला. "तुमचा फोन आल्यावर आमच्याकडे सगळ्यांना इतका हुरूप आला!"

"सरळ करून होणार काय?" मी विचारलं.

"पाणी लवकर जाईल."

"कुठे?"

तो जरा विचारात पडला. "पुढे," तो म्हणाला.

मी त्याला सगळं सांगितलं. सासरे, कललेला बाक, विटा, तो आणि ते. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. शेवटी त्याने नकाशाची गुंडाळी केली, ती करताना कडा नीट जुळवल्या, आणि म्हणाला, "बसायचे बाक आमच्याकडे येत नाहीत. ते बागांच्या खात्याकडे. पण बागांचं खातं म्हणेल, इथे बाग नाही." मग एकदम त्याचे डोळे चमकले. "थांबा. यंत्र तर तुमच्या काठावर उद्या येतंच आहे. नदी राहू दे, मी तुमचा बाक सरळ करून देतो. काहीतरी सरळ केलं की तक्रार बंद करता येते."

मी त्याचे दोन्ही हात धरले. येताना मी शीळ घालत आलो.

दुसऱ्या दिवशी एका बाकासाठी माती उपसायचं प्रचंड पिवळं यंत्र काठावर आलं आणि सगळी वस्ती जमली. बागवाले काका नाराज होते, पण इंजिनीअरने त्यांच्या बागेच्या कडेला दगड रचून द्यायचं कबूल केल्यावर त्यांनी कोणते दगड, ते सांगायला सुरुवात केली होती. होडीवाली, सकाळीच दुकानातून परत नेलेला चष्मा घालून आली होती. गळवाले लांब उभे होते. यंत्राने आपला लोखंडी हात उचलला, बाकाच्या दिशेने खाली आणला, आणि मी, या सगळ्याचा कर्ता म्हणून, जरा पुढे होऊन उभा राहिलो.

तेवढ्यात सासरे आले. हातात पिशवी. पिवळ्या फितीपाशी क्षणभर थांबले, मग त्यांनी ती हाताने वर उचलली, वाकून खालून आत आले, त्या लोखंडी हाताखालून चालत गेले आणि बाकावर बसले. वरच्या टोकाला.

यंत्र थांबलं. मी धावलो. "बाबा, उठा हो. पाच मिनिटांचं काम आहे. सरळ करतायत फक्त."

"नको," सासरे म्हणाले.

"अहो, पुराने खचलाय तो. एखाद्या दिवशी घसरून—"

"पुराने नाही खचलेलं ते." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण यंत्र बंद असल्यामुळे सगळ्यांना ऐकू आला. "ती पाण्यातून बाहेर यायची ना, ती निथळत तशीच येऊन त्या टोकाला बसायची. रोज. आधी टॉवेल घे म्हटलं तरी ऐकायची नाही, दम लागलेला असायचा. त्या टोकाखालची जमीन कधी वाळलीच नाही. तिथे ते खचत गेलं." त्यांनी खालच्या टोकाकडे बघितलं. "मी इथे बसतो आणि हळूहळू तिकडे सरकतो. मला सरकावं लागत नाही. आपोआप जातो. तुम्ही ते सरळ केलंत तर मी इथेच बसून राहीन."

बायकोने तोंड फिरवून नदीकडे केलं. तिच्या खांद्यांवरून मला कळत होतं.

"आणि विटा," सासरे जरा ओशाळून म्हणाले, "त्या मीच काढल्या. झाडामागे आहेत. गळवाल्यांना उगाच बोललात तुम्ही."

गळवाल्यांपैकी तो शांत माणूस पुढे आला, झाडामागे गेला, तिन्ही विटा घेऊन परत आला आणि त्याने त्या माझ्या हातात दिल्या. वस्तीसमोर, यंत्रासमोर, हातात तीन विटा घेऊन मी उभा. माझा असा मोठा अपमान याआधी झाला नव्हता, आणि त्याचं मला काहीच वाटलं नाही.

इंजिनीअर हळूच माझ्याजवळ आला. "मग नक्की काय सरळ करायचं, सर?"

"काही नाही," मी म्हणालो.

त्याने मान डोलावली. जाता जाता त्याने पिवळी फीत स्वतःच्या हाताने सोडली आणि गुंडाळून खिशात घातली. यंत्र मोठा धुरळा उडवत निघून गेलं. लोक पांगले. होडीवाली आपल्या जागेवर गेली आणि अजून एकही होडी पाण्यात नव्हती तरी ओरडायला लागली.

मी निघणार होतो. मग लक्षात आलं, मी या बाकावरून इतका गोंधळ घातला, गुडघे टेकले, कंबर मोडली, कार्यालयं पालथी घातली, पण त्यावर कधी बसलोच नव्हतो. सासऱ्यांच्या ते माझ्या आधी लक्षात आलं असावं. त्यांनी पिशवीतून टॉवेल काढला. वाळून मऊ झालेला, कडेचे धागे निघालेले. तो त्यांनी खालच्या टोकावर, ओलसर फळीवर, नीट पसरला.

"बसा," ते म्हणाले. "तिथे ओलं असतं."

मी बसलो. पाण्याकडे बघत राहिलो. नदी वळत होती, नेहमीसारखी, काही घाई नसल्यासारखी. थोड्या वेळाने माझ्या खांद्याला काहीतरी लागलं. सासरे सरकत सरकत आले होते. मी जागा दिली नाही, द्यायला जागाच नव्हती. काठाला माझे पाय घट्ट रोवून मी त्यांचं सगळं वजन खांद्यावर घेऊन बसलो.

खिशात फोन वाजला. तोच गोड आवाज. "सर, आपली तक्रार आज बंद करायची आहे. बाक सरळ झाला का?"

बायको आमच्या मागे येऊन उभी राहिली होती. तिचा हात तिच्या वडिलांच्या पाठीवर होता.

"नाही," मी म्हणालो. "ते वाकडंच आहे. ते तसंच राहू द्या."

"ते?" बाईंनी विचारलं. "तो ना, सर?"

"ते," मी म्हणालो.